जाग्या पेशी

‘मॅडम, पाय आता पुष्कळ बरा आहे. काळजी नसावी. आपण विश्रांती घ्यावी.’ गिल्बर्टचा हा मेसेज अनुपमाने सकाळच्या चहाबरोबर वाचला आणि ‘विश्रांती’ ह्या शब्दाला ती ठेचकाळली. एकतीस वर्षं ज्या माणसाबरोबर एका प्रयोगशाळेत काढली, त्याच्या तोंडून हा शब्द तिने एकदाही ऐकला नव्हता. गिल्बर्ट म्हणायचा, ‘आराम करा.’ फार तर म्हणायचा, ‘बसा ना जरा मॅडम, काय पळून चाललंय काय?’ मेसेज लिहायचा तो इंग्रजी अक्षरांत मराठी, ना स्वल्पविराम ना पूर्णविराम, आणि शेवटी एक अंगठा. इथे देवनागरी होती. ‘पुष्कळ’मधला ष जागच्या जागी होता. तिने बोटाने वरचे मेसेज खाली ओढले. डिसेंबरपासूनचे तेरा, सगळे असेच, शाळेतल्या निबंधासारखे धुतलेले. इतके दिवस आपल्याला हे दिसलं कसं नाही? डॉक्टरांनी फोन दिवसातून दहाच मिनिटं बघायला सांगितला होता, उजेडाने कपाळ ठणकायचं, म्हणून ती नुसता अर्थ घेऊन फोन उपडा ठेवायची. पण जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला अक्षर दिसलं नाही तरी हात ओळखता येतो. हा हात गिल्बर्टचा नव्हता. तिने मान वर केली. समोर शरच्चंद्र पेपर वाचत बसला होता, आणि पेपराच्या वरून तिच्याकडेच बघत होता.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी काय झालं ते तिला माहीत होतं, पण आठवत नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेची आवराआवर चालली होती, जुन्या काचपट्ट्यांच्या पेट्या भंगारात जाणार होत्या, त्या सोडवून आणायला ती आणि गिल्बर्ट गेले होते. येताना मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांपाशी एका डंपरने रिक्षा चेपली. तिच्या उजव्या कानामागे हाड तडकलं, आत थोडं रक्त साकळलं, ऑपरेशन लागलं नाही. गिल्बर्टचा पाय मोडला, तो मरोळला घरी पलंगावर आहे. हे सगळं शरच्चंद्रने सांगितलेलं. आदल्या रात्रीच्या पिठलं-भातानंतर तिची स्वतःची आठवण जी तुटली होती, ती सहा दिवसांनी सलाइनच्या स्टँडला अडकवलेल्या एका निळ्या पिशवीपाशी पुन्हा सुरू होत होती. मधल्या सहा दिवसांत ती बोलत होती म्हणे, नर्सला तिने बेडकाच्या हृदयाला कप्पे किती असतात ते विचारलं होतं म्हणे. ह्या ‘म्हणे’वर तिचं घर उभं होतं. आयुष्यभर तिने मुलांना सांगितलं होतं, पुस्तकात आहे म्हणून मानू नका, भिंगाखाली बघा आणि मग बोला. आता स्वतःच्या सहा दिवसांसाठी तिच्याकडे भिंग नव्हतं, फक्त शरच्चंद्र होता. कॉलेजातल्या ओळखीतून झालेलं लग्न, पहिल्यापासून अरेतुरेचं. महापालिकेच्या पाणीखात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस खोटं बोलायला लागला की नळ सोडल्यासारखा भडाभडा बोलतो, हे तिला एक्केचाळीस वर्षं ठाऊक होतं. आणि गिल्बर्टचा विषय निघाला की तो हल्ली फार बोलायचा. प्लास्टर कुठवर आहे, कुबड्या कसल्या आहेत, हाडाचे डॉक्टर काय म्हणाले. मोडलेल्या पायाबद्दल इतकं कोण सांगतं?

तेवढंच नव्हतं. फोन आला की तो बाल्कनीत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. डिसेंबरात एकदा सकाळीच इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर गेला, बँकेत काम आहे म्हणाला, आणि परत आल्यावर त्याच्या पँटवर गुडघ्याच्या वर मेणाचा थेंब सापडला. बँकेत मेणबत्ती? ‘वीज गेली होती तिथली,’ तो म्हणाला. नखाने तो थेंब खरवडताना ती विचार करत राहिली, भर दिवसा, एवढ्या काचांच्या बँकेत? पण त्याच आठवड्यात तिच्या हातून दूध उतू जाऊन भांडं करपलं होतं, घरभर धूर झाला होता आणि ती शेजारच्या खोलीत निवांत बसली होती. मार लागल्यापासून तिचा वास गेला होता. चहा म्हणजे नुसतं गरम, आमटी म्हणजे नुसतं ओलं. त्या दिवसापासून तिची साक्ष घरात कच्ची ठरली. किल्ली कुठे ठेवलीस विचारलं तर शरच्चंद्र आधी किल्ली शोधायचा नाही, तिच्याकडे बघायचा. तीही स्वतःकडे तशीच बघायला शिकली होती. मेणाचा थेंब खरा, पण त्यातून निघालेला अर्थ खरा कशावरून? जिला करपलेलं कळत नाही तिला शिजणारं कसं कळणार?

आणि गंमत अशी, की मेंदूला मार बसल्यावर आत काय होतं हे पार्ल्यातल्या कुठल्याही बाईपेक्षा तिला जास्त माहीत होतं. नव्वदीच्या दशकात तिने त्यावरच काम केलं होतं. मेंदूत विचार करणाऱ्या पेशींपेक्षा त्यांना सांभाळणाऱ्या पेशींकडे तिचं लक्ष होतं. त्या काळी लोक त्यांना नुसता डिंक समजायचे, मधल्या जागा भरणारा. उंदराला भूल द्यायची, एका नळीतून पितळेचं छोटं वजन त्याच्या डोक्यावर सोडायचं, आणि मग काही दिवसांनी, काही महिन्यांनी त्याच्या मेंदूचे पातळ काप काढून चांदीच्या द्रावणात रंगवायचे. नळी ती धरायची, वजन गिल्बर्ट सोडायचा. सोडण्याआधी तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचा आणि ती मान फिरवायची. चांदीने त्याची बोटं कायमची काळी झाली होती. नाताळात केकचा डबा घेऊन यायचा तेव्हा डब्यावरही ती काळी बोटं. चांदी लहरी असते, पाण्यात जरा खोट असली तरी सगळा काप डागाळतो. एकदा तीन महिन्यांपूर्वी मार दिलेल्या उंदराचे काप त्याने तिच्यासमोर ठेवले. जखम डावीकडे होती, ती भरून आली होती, भोवती चट्टा धरला होता. पण दूर उजवीकडे, जिथे काही लागलंच नव्हतं, तिथेही लहान पेशी फांद्या आखडून, फुगून बसल्या होत्या. ‘मॅडम, ह्या झोपल्याच नाहीत अजून,’ गिल्बर्ट म्हणाला. ‘तीन महिने झाले तरी?’ ती म्हणाली होती, ‘चांदी खराब आहे तुझी. परत कर.’ त्याने परत केलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा त्या तशाच जाग्या. तिने अहवालात लिहिलं, रंगवण्यातला दोष. दहा-बारा वर्षांनी बाहेरच्या नियतकालिकांतून तेच चित्र छापून यायला लागलं, तेव्हा तिने एक अंक नेऊन गिल्बर्टला दाखवला. त्याने चष्मा लावून बराच वेळ चित्र पाहिलं आणि म्हणाला, ‘असू दे मॅडम. चांदी तर चांगली होती ना?’ त्या दिवशी तिला त्याची माफी मागायची होती. तेवढ्यात घंटा झाली आणि ती वर्गावर गेली.

मेसेज आला त्याच दुपारी अंधेरीला यज्ञेशकडे तपासणी होती. यज्ञेश आता मेंदूचा मोठा डॉक्टर, पण अकरावी-बारावीला तिच्या वर्गात असताना तास संपला की प्रयोगशाळेत रेंगाळायचा, गिल्बर्टच्या भिंगातून पेशी बघायला. तिने शरच्चंद्रला मुद्दाम बाहेर बसवलं आणि दार लागल्यावर म्हणाली, ‘यज्ञेश, मला लोकांचा संशय येतो.’

‘कोणाचा?’

‘शरदचा. थोडा तुझाही.’

यज्ञेश हसला, पण एक क्षण उशिरा. ‘मॅडम, ह्यातलं तुम्हाला मी काय सांगायचं? मार बसला की आधारपेशी जाग्या होतात. काही मेलेलं खाऊन साफ करतात, काही जखमेला कुंपण घालतात. तेवढं हवंच असतं. पण काम संपल्यावर सगळ्याच पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. पहाऱ्यावरच राहतात. मग जरा कुठे खुट्ट झालं की भडका. झोप उडते, चिडचिड होते, माणूस संशयी होतो. महिने लागतात निवायला.’

‘म्हणजे मला दिसतं ते नसतंच?’

‘असं कुठे म्हटलं मी? फक्त दिसलं की लगेच त्यावर विश्वास टाकू नका.’

‘बरं. गिल्बर्ट कसा आहे? त्यालाही तूच बघितलं होतंस ना पहिल्या दिवशी?’

यज्ञेश औषधं लिहीत होता. पेन थांबलं. ‘पाय म्हटल्यावर वेळ लागणारच,’ तो कागदाला म्हणाला, आणि मग पेन पुन्हा चालायला लागलं. अनुपमा त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. किती चोख बंदोबस्त होता हा! आता तिला काहीही दिसलं तरी ते दिसणं हेच दुखणं. मेण दिसलं, पेशी भडकल्या. ‘विश्रांती’ खटकली, पेशी भडकल्या. नवरा नजर चुकवतो, डॉक्टर नजर चुकवतो, त्यालाही तिच्याच कवटीतलं कारण तयार. आणि ह्या बंदोबस्ताची वीट न् वीट तिने स्वतः शिकवलेली. परतताना गाडीत तिने स्वतःचीच उलटतपासणी घेतली. समज, तू भिंगाला डोळा लावून बसली आहेस. समोर डाग आहे. तो पेशीचा की चांदीचा? परत कर. तीनदा कर. तिन्ही वेळा तिथेच दिसला तर? तर काय करायचं हे तिला त्या वर्षीही उमगलं नव्हतं.

संध्याकाळी दिवे लावायच्या सुमाराला तिने फोन शरच्चंद्रपुढे ठेवला. ‘हे तू लिहितोस?’

त्याने चष्मा शोधला, लावला, वाचलं. तिने तयारी केली होती ती त्याच्या बडबडीची. तो बोललाच नाही. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला, खालून कोणी तोटी सोडल्यासारखा. ‘हे कधी आलं?’

‘आज सकाळी. तेरावा आहे. वर बघ.’

‘शक्यच नाही,’ तो म्हणाला. तिला नव्हे, फोनला.

‘का शक्य नाही?’

‘नाही, म्हणजे, त्याचा फोन तर… तसं नाही गं, अनु…’ तो उठला, पुन्हा बसला. ‘तू दमलीयस. यज्ञेशला उद्या सांगतो मी. असे मेसेज वगैरे हल्ली कोणीही करतं, फ्रॉड असतात, परवाच खालच्या मजल्यावर…’ नळ सुटला. तो बोलत होता आणि अनुपमा ऐकत नव्हती. तिने बघायचं ते बघून घेतलं होतं. लबाडी पकडली गेल्यावर माणूस ओशाळतो. हा ओशाळला नव्हता, भ्याला होता. म्हणजे मेसेज त्याचे नव्हते. म्हणजे त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि तरी त्याला हे नक्की ठाऊक होतं, की गिल्बर्टच्या फोनवरून गिल्बर्टचा मेसेज येणं शक्य नाही. एखाद्या माणसाचा मेसेज येणं केव्हा शक्य नसतं? उत्तर तिच्यापासून हातभरावर बसलं होतं. ते बसलंय हे तिला कळत होतं आणि ती तिकडे बघत नव्हती. कुकरची शिट्टी कवटीत खिळा ठोकल्यासारखी वाजली. त्या रात्री ती लवकर झोपायला गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेजारी तोही जागाच होता. दोघं एकमेकांचा श्वास मोजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग होती. शरच्चंद्र खाली गेल्यावर तिने साडी बदलली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि मागच्या फाटकाने बाहेर पडली. तीन महिन्यांत एकटी पहिल्यांदाच. रिक्षात पाय ठेवताना ती थांबली. डोक्याला नसलं तरी अंगाला काही आठवेल, छाती धडधडेल, हात गार पडतील असं तिला वाटलं होतं. अंगाला काही आठवलं नाही. ‘मरोळ गावठाण,’ ती म्हणाली आणि रिक्षावाला निघाला. उन्हाचे तुकडे डोळ्यांत घुसत होते. तिने डोळे मिटले. आपण मूर्ख ठरणार आहोत, ती स्वतःला बजावत होती. गिल्बर्ट पलंगावर पाय वर करून टीव्ही बघत असणार. म्हणेल, ‘काय मॅडम, डोक्याला लागलं ते लागलं, आता रिक्षाबिक्षा एकट्याने?’ त्याने नवा फोन घेतला असेल, त्यात आपोआप देवनागरी उमटत असेल. मूर्ख ठरण्याची इतकी ओढ तिला जन्मात कधी लागली नव्हती. उंच इमारतींच्या मधून गल्ली आत वळली, क्रूसापाशी रिक्षा थांबली. त्याचं घर तिला पाठ होतं, तीन पायऱ्या, लाकडी कठडा, कठड्यावर तुळशीशेजारी झेंडू. दार ज्युलियाने उघडलं. गिल्बर्टची बायको, महापालिकेच्या मराठी शाळेत बाई होती, आता निवृत्त. एरवी फुलाफुलांच्या झग्यात दिसायची. आज अंगावर काळा झगा होता, बाह्या मनगटापर्यंत.

‘मॅडम! एकट्या आलात?’

अनुपमा त्या काळ्या कापडाकडे बघत राहिली. ‘कधी?’ तिने विचारलं.

ज्युलियाने कठडा धरला. ‘तिसऱ्या दिवशी. पाय नव्हता मॅडम मोडला, पोटात लागलं होतं. तुम्ही आधी आत या, पडाल इथे.’

आत फोटो होता, त्याच्यापुढे काचेत मेणबत्ती. फोटोतल्या गिल्बर्टने टाय लावला होता, त्यामुळे तो अनोळखी वाटत होता. अनुपमा खुर्चीत बसली. रडू येत नव्हतं. आपण बरोबर होतो, एवढंच डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं, आणि त्याची तिला किळस वाटत होती. ज्युलियाने पाणी आणून दिलं. ‘मेसेज तू केलेस?’ अनुपमाने विचारलं.

‘मीच.’

‘शरदने सांगितलं म्हणून?’

‘छे. सरांना माहीतच नाही. कोणाला नाही माहीत, माझ्या लेकीला, यव्होनलापण नाही.’ ज्युलिया समोर वेताच्या मोढ्यावर बसली. ‘सर दफनाला आले, महिन्याच्या प्रार्थनेला आले. इथेच बसून रडले. म्हणाले, डॉक्टर म्हणतात तिला आत्ता सोसणार नाही, चार महिने कळू देऊ नका. मी म्हटलं बरं. मग तुमचा मेसेज आला, गिल्बर्ट, पाय कसा आहे. मी उभी जळले मॅडम! माझा नवरा मातीत आणि ही बाई पाय विचारते. फोन आपटणारच होते. मग दुपारी परत काढून वाचला. सगळी दुनिया माझं सांत्वन करत होती. तुम्ही एकट्याच होतात, तुमच्या लेखी तो घरात पलंगावर पडला होता. मी लिहिलं, बरा आहे. लिहिलं आणि दोन मिनिटं खरंच बरा होता.’ तिने झग्याची बाही डोळ्यांना लावली. ‘मला त्याच्यासारखं लिहिता येत नाही. अंगठा टाकून बघितला एकदा. नाही जमलं. पुसून टाकला.’

अनुपमाने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग तिने तो प्रश्न विचारला जो मेणाच्या, मेसेजच्या, यज्ञेशच्या वाकलेल्या मानेच्याही तळाशी होता, जो तिने स्वतःलासुद्धा नीट विचारला नव्हता. ‘त्या दिवशी जायचं कोणी ठरवलं, ज्युलिया?’

‘सर काय म्हणाले?’

‘गिल्बर्टचाच फोन आला होता म्हणाला. त्यानेच आग्रह केला म्हणे.’

ज्युलियाने तिच्याकडे सरळ पाहिलं. तीन महिन्यांत तिच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. ‘नाही. फोन तुम्ही केलात. सकाळी सात वाजता. म्हणालात, आज नाही गेलो तर पेट्या भंगारात जातील. त्याच्या अंगात ताप होता. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. तो म्हणाला, मॅडमना एवढ्या काचा एकटीला उचलायला जमणार नाहीत.’

ते आत गेलं आणि जागेवर बसलं. गेल्या तीन महिन्यांत तिला जे काही मिळालं होतं ते सगळं कापसात गुंडाळलेलं होतं, हात लावला तर काही लागायचंच नाही. ह्याला कड होती. दुखलं तेव्हा कुठे दुखतंय ते कळलं. सात वाजता, तिचा स्वतःचा आवाज, पलीकडे तापलेल्या अंगाने फोन उचलणारा माणूस. आठवलं काहीच नाही, पण खरं होतं, ह्यात तिला तिळमात्र संशय वाटला नाही. ‘माफ कर’ हे शब्द जिभेवर आले आणि इतके किरकोळ वाटले की तिने गिळून टाकले.

‘बरं झालं सांगितलंस,’ ती म्हणाली.

‘बरं कसलं त्यात?’ ज्युलिया म्हणाली. ‘खरं आहे म्हणून सांगितलं.’

फोन वाजला. शरच्चंद्र धापा टाकत होता. ‘अनु! कुठे आहेस तू? घर उघडं, खाली वॉचमनला विचारलं…’

‘मरोळला. ज्युलियाकडे.’

पलीकडून मग एक आवाज आला, तो काय आहे हे तिला आधी कळलंच नाही, कारण आई गेली तेव्हाही हा माणूस तिच्यासमोर रडला नव्हता. ‘मी सांगणार होतो,’ तो म्हणत होता, ‘रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो…’ सोसायटीच्या फाटकात, चार लोकांत तो असा उभा असणार. नजर चुकवणारा, भडाभडा बोलणारा, पँटवर मेण घेऊन घरी येऊन हसऱ्या चेहऱ्याने चहा टाकणारा. तिच्या संशयाच्या पलीकडच्या बाजूला इतके दिवस कोण उभं होतं ते तिला पहिल्यांदा दिसलं. ती त्याच्यावर रागावलेली होती. तो राग लगेच जाणार नव्हता. ‘हळू,’ ती म्हणाली, ‘आधी पाणी पी.’ ज्युलियाने तिच्या हातातून फोन घेतला. ‘सर, या इकडे. आता जेवूनच जा दोघं. काही नाही, मासे नाही करत, वरण-भात करते.’

ती आत जायला उठली तेव्हा अनुपमाही मागोमाग गेली. ‘तो येईपर्यंत मला ते तीन दिवस सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस.’ ज्युलिया डाळ धुता धुता सांगायला लागली. कॅज्युअल्टीत दोघांच्या खाटा शेजारी होत्या. गिल्बर्टने पहिलं विचारलं ते, मॅडम कशा आहेत. ज्युलिया म्हणाली, बऱ्या आहेत, आणि तेव्हा मॅडमना स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. त्याला चहा हवा होता, डॉक्टर देऊ देत नव्हते, तिने बोट बुडवून त्याच्या ओठांना लावला. दुसऱ्या दिवशी जरा बरा होता, यव्होनची चेष्टा केली, वॉर्डबॉयशी क्रिकेटवर बोलला. त्या संध्याकाळपर्यंत ज्युलिया पळापळाचं सांगत आली. मग तिची नजर खिडकीकडे गेली, हात पाण्यात तसाच राहिला, आणि ती म्हणाली, ‘आणि मग सकाळी अकराला गेला.’ मधलं काहीतरी गाळलं होतं. हे डोक्यातल्या जखमेचं काम नव्हतं, अनुपमाला ते स्वच्छ, काचेखाली धरल्यासारखं दिसलं. त्या तासांत काय झालं असेल, तो काय बोलला असेल, कोणाबद्दल, हे सगळं तिच्या मनात एकदम उभं राहिलं. ज्युलिया डाळीतलं पाणी ओतत होती आणि तिच्याकडे बघत नव्हती.

अनुपमाने तांदळाचा डबा खाली काढला. ‘भात तिघांचा टाकू ना?’ तिने विचारलं.